न्हाणीच्या दारात मोबाईल

अंगावरून वारे गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी काय परत हवे असते, हे त्याच्या घरच्यांना विचारून पाहावे. चालणे हवे असतेच. पण त्याच्याही आधी त्याला स्वतःच्या हाताने सदऱ्याची गुंडी लावायची असते, कुणाला हाक न मारता संडासला जाऊन यायचे असते, भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवायचा असतो. व्यवसायोपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि हे छोटे व्यवहार माणसाच्या हाती पुन्हा देणे हेच तिचे काम. फिजिओथेरपिस्ट सांध्याची हालचाल आणि स्नायूंची ताकद वाढवतो. ती ताकद घेऊन माणूस आपल्या घरात काय करू शकतो, हे व्यवसायोपचारक पाहतो. त्यासाठी त्याला त्या घराच्या आतले माहीत असावे लागते. न्हाणीला पायरी आहे का, चूल ओट्यावर आहे की जमिनीवर, पलंग किती उंच आहे, रुग्णाला घास कोण भरवते, त्याच्यावर चिडते कोण, पैशांचा हिशेब त्याला अजून जमतो का. रक्तदाब नि साखरेच्या आकड्यांपेक्षा ही माहिती फार वेगळी आहे. एखाद्या घराची लाज आणि अब्रू जिथे राहते, तिथली ती माहिती आहे.

ही माहिती पूर्वी उपचारकाच्या वहीत आणि डोक्यात असायची. आता ती मोबाईलमध्ये, ॲपमध्ये, व्हिडिओत आणि कुठल्याशा दूरच्या सर्व्हरवर जाते. या बदलाकडे आपण कायद्याची एक कटकट म्हणून पाहतो आणि फॉर्मवर सही घेऊन मोकळे होतो, असे मला दिसते. माझे म्हणणे असे आहे की माहितीवरचा ताबा हा या उपचाराचाच भाग आहे. ज्या माणसाला त्याच्या दिवसावरचा ताबा परत मिळवून द्यायचा, त्याच्याच दिवसाची चित्रे त्याला न कळता दुसऱ्याच्या हातात देणे हे त्या उपचाराच्या विरुद्ध जाते. मग तंत्रज्ञान कितीही चांगले असो, हेतू कितीही शुद्ध असो.

बेळगाव-निपाणीचा भाग डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन राज्ये, किमान दोन भाषा आणि भाषावादाचा सत्तर वर्षांचा इतिहास इथे रुग्णाबरोबर उपचारकाच्या खोलीत येतो. मोठ्या शहरात लपून राहणारे प्रश्न इथे उघड्यावर येतात.

भारतात व्यवसायोपचाराचा पाया मराठी मुलुखात घातला गेला. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमलाबाई निंबकर झाल्या आणि 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचे पहिले प्रशिक्षण सुरू केले. 1952 मध्ये या उपचारकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. एवढी जुनी परंपरा असूनही प्रशिक्षित उपचारक मुख्यतः मुंबई, पुणे, बंगळूर, मणिपाल अशा ठिकाणीच एकवटले. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर जवळ आणि बेळगाव लांब. मोठ्या दुखण्याला तो मिरजेला जातो, जिथे 1894 पासून मिशन हॉस्पिटलची परंपरा आहे. मनाच्या आजाराला बेळगावकर धारवाडला जातात, कारण तिथले मनोरुग्णालय 1845 पासूनचे आहे. रुग्णांच्या वाटा राज्यांच्या सीमा जुमानत नाहीत, आणि हे आजचे नाही.

या लोकांना मोबाईलवरून थेरपी मिळाली तर ती मोठीच सोय आहे. खानापूरच्या जंगलपट्टीतल्या किंवा चिकोडी भागातल्या एखाद्या खेड्यातून सेरेब्रल पाल्सी असलेले मूल कडेवर घेऊन आठवड्यातून दोनदा शहरात जायचे म्हणजे बसचे हेलपाटे, आईची बुडालेली मजुरी आणि प्रवासात रडून दमलेले मूल. उपचारकासमोर ते पोहोचते तेव्हा त्याच्यात काही करायचे त्राण उरत नाही. त्याच मुलाला घरात, ओळखीच्या भिंतींत, आईच्या मांडीवर बघता आले तर उपचारकालाही खरे चित्र दिसते. 2020 च्या टाळेबंदीत ही पद्धत नाइलाजाने सुरू झाली, पण ती टिकली ती उपयोगी होती म्हणून. तेव्हा मोबाईल नकोच, असे म्हणणे या भागातल्या रुग्णांवर अन्याय करणारे ठरेल. मोबाईल हवा आहे, म्हणूनच तो कसा वापरायचा यावर आग्रह धरायचा.

समजा, निपाणी तालुक्यातल्या एका गावात साठीतली एक बाई आहे. उमेदीची सगळी वर्षे तिने मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कातरून विड्या वळल्या. आता उजवे अंग गेले आहे. कोल्हापूरचा उपचारक सांगतो, त्या आंघोळीला कशा बसतात-उठतात त्याचा व्हिडिओ पाठवा. त्याचा हेतू अगदी योग्य आहे. घसरून पडण्याचा मोठा धोका न्हाणीत असतो आणि घरातली बसण्याची पद्धत पाहिल्याशिवाय सल्ला देता येत नाही. फोन मुलाचा आहे. सून म्हणते, "आत्ती, डॉक्टरनी व्हिडिओ मागितलाय, जरा बसा." बाई काही बोलत नाही. व्हिडिओ निघतो, मुलाच्या फोनच्या गॅलरीत पडतो, उपचारकाच्या खाजगी व्हॉट्सॲपवर जातो आणि आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून तिसऱ्या ठिकाणी साठतो. मुलाचा फोन त्याचा पोरगा गेम खेळायला घेतो. उपचारकाचा फोन दुरुस्तीला दुकानात जातो.

या गोष्टीत कुणीही वाईट नाही. तरी तिथे एक गंभीर चूक झाली आहे. त्या बाईला कुणी विचारलेच नाही. उजवे अंग जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झालेली असते आणि अनेकदा त्याबरोबर वाचाही जाते. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अशा अनेक रुग्णांना समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते, फक्त उत्तर ओठांवर येत नाही. मानेने होय-नाही सांगता येते, चित्रावर बोट ठेवता येते. हे कसे विचारायचे याचे शिक्षण उपचारकाला मिळालेले असते. ते शिक्षण तो पेला उचलायला शिकवताना वापरतो आणि परवानगी मागताना विसरतो. त्या बाईच्या उपचाराचे ध्येय काय? कुणी न बघता तिला स्वतःची आंघोळ करता यावी. आणि त्या ध्येयाकडे जायची वाट म्हणून आपण तिच्या आंघोळीला दोन माणसे आणि एक यंत्र बघायला बसवतो. हा विरोध उपचारकाला खुपला पाहिजे.

यातून मार्ग आहेत आणि ते अवघड नाहीत. पुष्कळदा रिकाम्या न्हाणीचा फोटो आणि पायरीची, दाराची, नळाची मापे एवढ्यावर काम भागते. बसण्या-उठण्याची हालचाल पाहायची तर ती कोरड्या न्हाणीत, अंगभर लुगडे असताना करून दाखवता येते. रेकॉर्ड न करता थेट व्हिडिओ कॉलवर बघता येते. रेकॉर्डिंग खरोखरच लागत असेल तर चेहरा वगळता येतो, ते किती दिवसांनी पुसणार हे आधी सांगता येते, आणि ठरल्या दिवशी पुसल्याचे कळवता येते. यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत.

"रुग्णांची काही हरकत नसते हो," असे उत्तर हमखास येते. हरकत नसते, कारण हरकत घ्यायची सवयच आपल्याकडे नाही. डॉक्टरला नाही म्हटले तर तो रागावेल, पुढच्या वेळी नीट बघणार नाही, ही भीती खेड्यातल्या माणसाच्या मनात खोल असते, आणि बायकांच्या मनात ती दुप्पट असते, कारण त्यांना घरातल्यांच्या रागाचाही विचार करावा लागतो. म्हणून संमती मागण्याच्या आधी एक वाक्य बोलले पाहिजे: नको म्हणालात तरी उपचार असाच चालू राहील. हे वाक्य आधी आले नाही तर मागून आलेल्या "हो"ला फारशी किंमत नाही. आणि सगळे सांगून झाल्यावर रुग्णाकडूनच ते त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. तो काय समजला ते तेव्हाच कळते. वेळ नाही, ही सबबही मला पटत नाही. सदऱ्याची एक गुंडी लावायला शिकवण्यात हे उपचारक अर्धा अर्धा तास घालवतात आणि त्याबद्दल त्यांना मानले पाहिजे. त्यातली दोन मिनिटे परवानगीला द्यायला हरकत नसावी.

आता भाषेकडे येतो, कारण सीमाभागात हा प्रश्न टाळून पुढे जाताच येत नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 मध्ये निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला द्यावे, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच राहावे, असे सुचवले. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या साऱ्या काळात इथल्या मराठी माणसाने एक मागणी कधी सोडली नाही: सरकारचा कागद आम्हाला आमच्या भाषेत द्या. लोक त्यासाठी रस्त्यावर आले, तुरुंगात गेले. तोच माणूस आज थेरपीच्या ॲपवर इंग्रजीतला लांबलचक मजकूर न वाचता खालच्या चौकोनावर बोट ठेवतो. ज्या कागदासाठी पिढ्या झगडल्या त्याच्यापेक्षा हा मजकूर कमी महत्त्वाचा आहे का? सातबाऱ्यावर जमीन असते. या मजकुरावर तुमच्या मुलाच्या आजाराचा, आईच्या न्हाणीचा आणि तुमच्या कमकुवत हाताचा हक्क लिहून दिलेला असतो.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी लढवला होता. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी त्यापुढे दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे, असे हा कायदा सांगतो. राज्याची भाषा कोणती, याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. बेळगावच्या मराठी माणसाला तो मराठीत मिळतो. कोल्हापुरात उपचार घेणाऱ्या संकेश्वरच्या किंवा हुक्केरीच्या कन्नड माणसाला तो कन्नडमध्ये मिळतो, आणि निपाणीतल्या उर्दू बोलणाऱ्या विडी कामगार बाईला उर्दूत. आपण स्वतःसाठी मागतो ते कन्नड रुग्णाला देताना मराठी उपचारकाने कुचराई केली, तर आपल्या मागणीतला नैतिक जोर जातो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे, असेही त्याच कायद्यात आहे. चौकोनावर बोट ठेवून दिलेली संमती काढून घ्यायला परराज्यातल्या कार्यालयाला पत्र लिहावे लागत असेल तर ती अट पाळलेली नाही.

भाषेची आणखी एक बाजू आहे. रुग्णाच्या नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो, आणि तो असावाच. त्याशिवाय व्यायामाच्या सूचना योग्य भाषेत कशा मिळणार? पण या भागात तो रकाना निरुपद्रवी नाही. महाराष्ट्र सरकारने 2023 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटक सरकारने तिला कडाडून विरोध केला. एखाद्याने उपचार कुठे घेतला, कुठल्या राज्याच्या योजनेतून घेतला, तो घरी कुठली भाषा बोलतो, ही माहिती इथे राजकारणाचा कच्चा माल होऊ शकते. म्हणून उपचारासाठी लिहिलेली भाषा उपचारापुरतीच राहिली पाहिजे, आणि जी माहिती लागत नाही ती विचारूच नये. या बाबतीत डिजिटल वहीला मोठा मोह होतो. रकाना रिकामा दिसला की तो भरावासा वाटतो.

यंत्राच्या कानांविषयी थोडे. उपचारक बोलतो आणि संगणक नोंद लिहून देतो, अशी सोय आता आली आहे. ती चांगली आहे, कारण त्याचा लिहिण्यातला वेळ वाचतो. पण बेळगावच्या म्हातारीचे मराठी पुस्तकी नसते. ती एकाच वाक्यात मराठी क्रियापद आणि कन्नड शब्द सहज मिसळते. यंत्राने त्यातले अर्धे गाळले किंवा भलतेच लिहिले, तर पुढच्या दवाखान्यात तीच नोंद खरी धरली जाते. म्हातारी काय म्हणाली ते पुन्हा कुणी विचारत नाही. यंत्राने लिहिलेली नोंद रुग्णाला किंवा घरच्यांना त्यांच्या भाषेत एकदा वाचून दाखवल्याशिवाय कायम करू नये, एवढा नियम तरी हवा.

कामगारांच्या हातांचा प्रश्न मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. बेळगाव हे फौंड्र्यांचे शहर आहे. तिथल्या शहापूर-वडगावात यंत्रमागांवर साड्या विणल्या जातात. निपाणीत तंबाखूच्या वखारी आणि विड्यांचे काम. या सगळ्या धंद्यांत हात झिजतो, भाजतो, कधी यंत्रात सापडतो. हात गेलेला कामगार व्यवसायोपचारकाकडे येतो ते पुन्हा कामाला लागायला. त्याच वेळी त्याच्या नुकसानभरपाईचाही प्रश्न चालू असतो, मग ती कामगार भरपाईच्या तरतुदींखाली असो की कर्मचारी राज्य विमा योजनेखाली. कमाईची ताकद किती गेली, यावर ती रक्कम ठरते.

आता उपचारासाठी त्याच्या मोबाईलवर एक ॲप दिले आहे असे धरा. बोटे किती वाकली, दिवसातून किती वेळा हालचाल केली, पकड किती किलोची, सगळे त्यात नोंदले जाते. पकड मोजायची रीत अशी की उपकरण तीनदा दाबायचे आणि सरासरी काढायची. काही सेकंद जोर लावून दाबले की आकडा चांगला येतो. पण भट्टीतून वितळलेले लोखंड ओतणाऱ्याला ती पकड पूर्ण पाळीभर टिकवावी लागते, घाम आणि धग सोसून. ॲपवर नव्वद टक्के सुधारणेची हिरवी खूण दिसते आणि माणूस मात्र जुने काम करू शकत नाही. ही नोंद मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या हाती गेली तर ती त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. आणि त्या ॲपचे पैसे मालकच भरत असेल, तर ती त्यांच्या हाती जाणार नाही याची हमी कोण देणार? कामगाराने प्रामाणिकपणे केलेला व्यायामच त्याच्या विरोधातला पुरावा ठरायचा. असे होऊ शकते हे कळले की तो व्यायाम करणे किंवा नोंद करणे बंद करील, आणि उपचार तिथेच संपेल.

इथे उपचारकाने कुणाची बाजू घ्यायची, यावर मला शंका नाही. उपचाराची नोंद आणि भरपाईसाठीची तपासणी ही दोन वेगळी कामे आहेत. ती वेगळ्या वेळी, वेगळ्या कागदावर, कामगाराला स्पष्ट सांगून झाली पाहिजेत. 1980 च्या आसपास निपाणीच्या तंबाखू कामगार बायका सुभाष जोशींच्या नेतृत्वाखाली संघटित झाल्या, आणि 1981 मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शेतकरी नेते शरद जोशींबरोबर पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडले. त्या आंदोलनात गोळीबार झाला, शेतकरी मेले. श्रमाची किंमत ठरवताना मोजणाऱ्याच्या हातात माप असते, हे या गावाने रक्त सांडून शिकलेले आहे. नवे माप मोबाईलमध्ये आहे, एवढाच फरक.

याच हातांबद्दल एक लहान गोष्ट. वर्षानुवर्षे विड्या वळून किंवा माती उपसून बोटांवरच्या रेषा झिजतात आणि रेशनच्या यंत्राला अंगठा ओळखू येत नाही. कुष्ठरोगाने बोटे गेलेल्यांची अडचण त्याहून मोठी. बोटांऐवजी डोळ्यांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आधारच्या व्यवस्थेत आहे. रुग्णाला ती मिळवून देणे हेही व्यवसायोपचारकाचेच काम मानावे, कारण रेशन आणणे हा त्याचा रोजचा व्यवहार आहे.

मुलांविषयी बोलायला हवे. स्वमग्न मुलांच्या थेरपी केंद्रांनी सोशल मीडियावर टाकलेल्या "आधी" आणि "नंतर"च्या व्हिडिओंचा आता पूर आला आहे. आधीच्या व्हिडिओत मूल ओरडते, डोके आपटते. नंतरच्यात ते शांत बसून मणी ओवते. आईबाप कृतज्ञतेपोटी परवानगी देतात, कधी फी कमी होते म्हणून देतात. पण ओरडणारा तो चेहरा त्यांचा नाही. मूल मोठे होईल, त्याचे वर्गमित्र ते बघतील. बेळगावसारख्या शहरात कोण कुणाचा, हे दोन प्रश्नांत कळते, आणि उद्या त्याच्या बहिणीचे लग्न ठरवतानाही कुणीतरी तो व्हिडिओ काढून दाखवील. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती पुरते. मुलाची स्वतःची पसंती विचारणे त्याने थांबवलेले नाही. सहा वर्षांचे मूलसुद्धा कॅमेऱ्यापुढून तोंड फिरवते तेव्हा ते काहीतरी सांगत असते. ते ऐकायचे. जाहिरातीसाठी मुलाचा व्हिडिओ वापरणे मला तरी कुठल्याच परिस्थितीत समर्थनीय वाटत नाही.

याच कायद्यात अपंग व्यक्तीला कायदेशीर पालक असेल तर संमती त्याने द्यावी, असे म्हटले आहे. इथे एक सावधगिरी हवी. कायदेशीर पालक म्हणजे रीतसर नेमलेला पालक. अंगावरून वारे गेलेल्या आईचा मुलगा आपोआप तिचा पालक होत नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर मर्यादित पालकत्वाची भाषा करतो, ज्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. व्यवहारात मात्र दवाखान्यात जो मुलगा बरोबर येतो तोच सही करतो. फोन त्याचा, सिम त्याच्या नावावर, ओटीपी त्याला येतो. आईला लघवी आवरत नाही, ही गोष्ट तिला सुनेला सांगवते, मुलाला नाही. पण ॲपचा रोजचा अहवाल मुलाच्या फोनवर येतो. उपचारकाने पहिल्याच दिवशी "हा फोन कुणाचा?" असे विचारले, तर यातल्या निम्म्या गोष्टी टाळता येतील.

बेळगावच्या टिळकवाडीसारख्या वस्त्यांत याचे दुसरे रूप दिसते. मुले पुण्या-बंगळुरात किंवा अमेरिकेत असतात आणि आईवडील दोघेच घरात. वडिलांना विसरायला होते, म्हणून हॉलमध्ये, स्वयंपाकघरात कॅमेरा बसतो. उपचारकही पडण्याच्या भीतीने तसे सुचवतो. मुलांची काळजी खरी आहे. पण वडिलांना कॅमेऱ्याबद्दल सांगितले का? विसरणाऱ्या माणसाला ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते. कामाला येणाऱ्या मावशींना तरी सांगितले का? कॅमेरा कुणाला दिसतो, रात्री तो बंद असतो का, हे त्या घरात राहणाऱ्यांनी ठरवायचे आहे, दूर राहणाऱ्यांनी नाही.

मापांचीही अडचण आहे, ती थोडक्यात सांगतो. ही ॲपे जी मोजणी वापरतात त्यातल्या बऱ्याच मोजण्या अमेरिका-युरोपात बनल्या. त्यांत खुर्ची, पलंग आणि चमचा असतो. मांडी घालून पंगतीत बसणे, उकिडवे बसणे, हाताने भात कालवणे यांना जागा नसते. खुर्चीत बसून चमच्याने जेवणारा माणूस त्या यादीत पूर्ण स्वावलंबी ठरतो, आणि गावच्या जेवणावळीला जायचे टाळतो. ॲपच्या यादीखाली उपचारकाला स्वतःची ओळ लिहायची मुभा असावी आणि त्याने ती लिहावी.

राहता राहिली तक्रारीची गोष्ट. 25 मार्च 2020 ला केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे काढली ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. व्यवसायोपचारक त्यात नव्हते. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे. 2021 च्या केंद्रीय कायद्याने राष्ट्रीय आयोग आणि राज्यवार परिषदांची रचना आखली. पण निपाणीच्या रुग्णाला पुण्याच्या उपचारकाने मोबाईलवरून दिलेल्या सेवेत काही बिघडले, तर त्याने दाद कुठे मागायची? दोन सरकारांचे भांडण रुग्णाच्या माथी येता कामा नये. पहिल्याच भेटीत उपचारकाने आपले नाव, नोंदणी क्रमांक, परिषद आणि तक्रारीचा पत्ता रुग्णाच्या भाषेत लिहून द्यावा. दोन्ही राज्यांच्या परिषदांनी सीमाभागापुरता तरी हा नियम एकत्र बसून करावा.

बेळगावकडे हे सगळे घडवण्यासाठी लागणारे बरेच काही आहे. 1916 पासूनची के.एल.ई. संस्था आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. अभियांत्रिकीची मुले प्रकल्प करतात, त्यांत पुनर्वसनाची उपकरणेही असू शकतात. त्यांनी असे ॲप बनवावे जे मराठी आणि कन्नड दोन्ही बोलते, नेट नसतानाही चालते आणि रुग्णाची माहिती त्याच्याच फोनमध्ये ठेवते, तो पाठवील तेव्हाच बाहेर जाऊ देते. रुग्णालयांनी उपचारकाला कामासाठी वेगळा फोन द्यावा, म्हणजे रुग्णाची चित्रे त्याच्या घरच्या फोटोंत मिसळणार नाहीत. आणि हे ठरवायला समिती नेमली तर तिच्यात अपंग माणसे असावीत. चाकाच्या खुर्चीवरून संस्था उभी करता येते, हे नसीमा हुरजूक यांनी 1984 पासून कोल्हापुरात दाखवले आहे. ज्यांच्या शरीराची माहिती आहे त्यांना वगळून तिचे नियम करू नयेत.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या घरातल्या रुग्णाचा व्हिडिओ पुढच्या वेळी कुणी मागेल, किंवा एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगेल, तेव्हा फोन रुग्णाच्या समोर धरा आणि तो मजकूर मराठीत मागा. तो कन्नड बोलणारा असेल तर कन्नडमध्ये मागा. आठव्या अनुसूचीत दोन्ही भाषा आहेत. मजकूर मिळेपर्यंत थांबा, आणि रुग्ण स्वतः हो म्हणाल्याशिवाय त्या चौकोनावर बोट ठेवू नका.